बेचाळीस नंबरची टिटवी आन् सोनियाची सुपारी

…आन् मंग त्या खुळ्यानं काय केलं आसल, सांग बरं. हातात आल्याला दोर सोडून दिला. व्हय, सोडून दिला. मोनाली, हसू नको, लिही. आधी बोटं पूस, भज्याचं तेल लागतंय कागदाला. कुठून धरायचं म्हनतीस? आप्पासाहेबापासून धर. आपल्या पडेगावच्या गल्लीत पिठाच्या गिरनीशेजारी घर हाय ना, तो आप्पासाहेब. पन ध्यान मनकर्णाबाईकडं ठेव. नवरा पान्यावर तरंगत व्हता, बुडायची पाळी हिच्यावर आली.

आप्पासाहेब तसा वाईट मानूस नाय. वाईट मानसाचं एक बरं आसतं, त्याला शिव्या देता येतेत. ह्यानं वाळूजच्या कंपनीत स्टोअरला उभी उमर काढली. नट मोजून द्यायचे, बोल्ट मोजून घ्यायचे. दारू नाय, पत्ते नाय, बिडी नाय. घरी आला की पाय धुवायचा, टीव्हीम्होरं बसायचा, ताटात पडल ते खायचा. लग्नात मनकर्णाबाईच्या मावशीनं तिच्या कानात सांगितलं व्हतं, पोरी, निर्व्यसनी नवरा भेटला, देवाचं नाव घे. तिनं इतकी वर्सं घेतलं. मंग टिटवी आली.

टिटवी म्हंजे पाखरू नव्हं गं. होडी. शिडाची होडी. प्लायवुडची, दोन मानसं गुडघे पोटाशी घेऊन बसली तर मावतेत. आपली धान्याची कनगी उभी चिरून आडवी टाकली तर जेवढी व्हईल तेवढी. शीड पिवळं, त्याच्यावर काळं पाखरू आन् खाली नंबर. जगात होड्यायला काय तोटा? फायबरच्या हायेत, मोठ्या हायेत, इंजिनच्या हायेत, ज्यात बसलं की ढुंगन कोरडं राहतं आशाबी हायेत. पन ह्या टिटवीवाल्या लोकायला हीच पायजे. कामून पायजे इचारलं तर डोळे मिटून मान हलवतेत. मला आधी वाटलं चिलीम वढतेत का काय.

ह्या होडीचं पुरानबी हाय. कुठं तरी लांब देशात एका मानसाला म्हने त्याच्या बायकोनं घराबाहेर काढलं. त्यानं जाता जाता दाराची फळी उचकटली आन् तिची पहिली टिटवी केली. हे ती मानसं आभिमानानं सांगतेत बरं का. बायकोनं काढलं, ह्याचा आभिमान. मनकर्णाबाईनं पहिल्यांदा ऐकलं तवा ती येवढंच म्हनली, "कामून काढलं ते कोनी इचारलं का?" ते कोनी इचारलं नव्हतं.

आन् ही मानसं एकमेकाला नावानं वळखीत नायत. नंबरानं. भेटले की राम राम नाय, नमस्कार नाय, "काय नंबर?" हा म्हननार बेचाळीस, तो म्हननार सात. मंग दोघं आशे गळ्यात पडतेत जसे जत्रंत हरवल्याले भाऊ. एकदा क्रांती चौकात मनकर्णाबाई मेथी घेत व्हती, तर एक टोपीवाला मानूस हात जोडून म्हनला, "तुमी बेचाळीसच्या वहिनी ना?" भाजीवाली बघतच राहिली. मनकर्णाबाई म्हनली, "आधीच्या एकेचाळीस कुठं गेल्या ते ह्यायलाच इचारा." आन् मेथीची जुडी घेऊन निघून आली.

ही लागन लावली नानासाहेबानं. नानासाहेब कंपनीतला जुना साहेब. बायको गेल्याली, पोरगी परदेशात, बंगला रिकामा. रिकाम्या मानसाला एक तर देव आठवतो न्हाईतर पानी. त्यानं पैठणला, जायकवाडीच्या धरनाच्या काठाला एक पत्र्याचं शेड घातलं आन् तिथं ह्या टिटव्या आनून ठेवल्या. उचलायला मानूस पायजे म्हनून आप्पासाहेबाला बोलावलं. आप्पासाहेब होडी उचलायला गेला आन् होडीनंच त्याला उचललं. आदितवारी गेला, सोमवारी कामावर जाताना तोंडावर आसं हसू, जसं नवीन लगीन झालंय. मनकर्णाबाईला वाटलं, बाई बघितली का काय ह्यानं कुठं. बाई आसती तर बरं झालं आसतं म्हनती ती. बाईच्या झिंज्या धरता येतेत.

टिटवी इकत भेटत नाय. ती द्यायची आसती. नानासाहेबानं नारळ फोडून आप्पासाहेबाला बेचाळीस नंबरची दिली आन् पान्यात उभं करून त्याला शपथ घ्यायला लावली. शपथ कसली? की ह्या होडीला दोर लागू देनार नाय. नीट लिही हे, कारन सगळं रामायन ह्याच्यावरच झालं. टिटवी वाऱ्यानं जायची आन् वाऱ्यानंच परत यायची. मधीच वारं पडलं आन् दुसऱ्या होडीनं दोर लावून काठाला वढत आनली, की ती बाटली. तिच्या शिडाला काळी पट्टी शिवतेत. जन्माची. मानूस तिला तिथंच सोडून दुसऱ्याच्या होडीत उतरून आला, तर ते त्याच्याहून वाईट, मंग ती बेवारस, तिचा नंबरच काढून घेतेत. दर साली त्यायचा मेळा भरतो. बिनपट्टीच्या होड्या पुढं, पट्टीवाल्या मागं. लग्नात रुसल्याल्या सोयऱ्यायला मागच्या पंगतीत बसवतेत ना, तसं.

बेचाळीसला कवाच दोर लागल्याला नव्हता. नानासाहेबाच्या हातात नाय, त्याच्या आधीच्याच्या हातात नाय. आता ती आप्पासाहेबाच्या हातात. येवढी इज्जत त्याला कंपनीत भेटली नाय, सासुरवाडीत भेटली नाय. आन् पोहता येतं का? तर नाय. नारिंगी जाकीट घालून बसतो, उन्हात भोपळ्यावानी.

एकदा त्यानं मनकर्णाबाईलाबी बसवलं. ती जात नव्हती. सोनिया, तिची लेक, म्हनली, "आई, जा गं एकदा, नाय तर पप्पा जेवनार नायत." म्हनून गेली. पदर कंबरंला खोचला, मुठीत काठ धरला, आन् होडी निघाली. आवाज नाय गं तिला. इंजिन नाय, धूर नाय, नुसतं पानी चिरल्यावानी चर्र. मिक्सर नाय, गिरनी नाय, गल्लीतला भोंगा नाय. मनकर्णाबाई म्हनती, मला घडीभर माझंच श्वास घेनं ऐकू आलं. तेवढ्यात आप्पासाहेब पान्यात बोट दाखवून म्हनला, "इथं खाली आपली इहीर व्हती. आन् ते तिकडं, बाबाचं जवारीचं रान."

त्याच्या बापाचं गाव धरनात गेल्यालं. सारं गाव उठवलं, म्हाताऱ्यानं शेवटपस्तोर त्या पान्याकडं पाठ करून जेवन केलं. तोंड कवा केलं नाय तिकडं. आन् त्याचा ह्यो लेक त्याच रानावर पिवळं फडकं लावून फिरतो. मनकर्णाबाईच्या जिभेवर लई आलं व्हतं. पन नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आन् गिळलं. येवढंच म्हनली, "बरं हाय." झालं. त्या "बरं हाय"चं ह्यानं लोनचं घातलं. जो भेटल त्याला सांगनार, आमच्या हिलाबी आवडती टिटवी.

आता सोनियाचं लगीन ठरलं. पोरगी हुशार, औषधाच्या दुकानात हिशेब बघती, दिसायला आईवर. स्थळ वैजापूरचं. मानसं खातीपिती, पन घरात आजोबाचा शब्द. फेट्यावाला, ताठ, जुन्या रीतीचा. त्यानं सांगितलं, साखरपुड्याची सुपारी मुलीच्या बापाच्या हातानं फुटल, पंचायम्होरं, आन् मंगच आमी मुलीला कुंकू लावू. ह्यात काय आवघड हाय? बाप जिता हाय, धडधाकट हाय, आता रिटायर होऊन रिकामा हाय. मनकर्णाबाईनं हो म्हनलं.

दारातच मांडव घातला. चार वाजताचा कार्यक्रम. आन् त्याच्याच आदल्या दिवशी पैठणला ह्यायचा मेळा. मनकर्णाबाई म्हनली, "ह्या साली नाय गेलं तर नाय चालनार का?" आप्पासाहेब म्हनला, "रात्री मुक्काम, सकाळी निघतो, दुपारच्या आत घरी. तुला शपथ." तवा तिनं त्याच्या शपथंवर भरवसा ठेवला आन् वरून आनखी एक काम दिलं. सोनियाची पैठणी पैठणलाच मागावर व्हती. भिशी लावून, दागिन्याला हात न लावता तिनं ती इनायला टाकल्याली. मोरपंखी, पदरावर मुनिया पाखरांची नक्षी. इनकर म्हनला सकाळी तयार व्हईल. "तसंबी तुमी तिथंच हायेत, येताना घिऊन या." ही तिची चुकी. मांजरालाच शिंक्याचा दोर धरायला दिला.

सकाळी त्यानं पैठणी घेतली. फोन केला, "घेतली. लई भारी झालीय." तिथपस्तोर मानूस मानसासारखा वागला. मंग गाडीकडं जायच्या आयवजी शेडकडं गेला. तिथं नानासाहेब म्हनला, "सगळ्या होड्यायचा एक फोटू काढायचा राहिलाय, एक चक्कर मार. बेचाळीस पुढं पायजे." पुढं पायजे म्हनल्यावर ह्याची छाती फुगली. पैठणी गाडीत ठेवावी तर चोरीचं भ्याव, म्हनून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जाकिटाच्या आत पोटाशी धरली. वल्हं काठाला ठेवलं, कारन वल्हं दिसलं तर म्हने फोटू बाटतो. आन् गेले सगळे. सात-आठ बाप्ये, अर्ध्यायचे केस पिकल्याले, पिवळी फडकी लावून आत पान्यात.

आन् वारं पडलं.

कसं पडलं तर आसं, की काठावरच्या बाभळीचं पान हलंना. पानी परातीवानी. होड्या जिथल्या तिथं. आन् त्यात बसल्याले हे सगळे, उन्हाळ्यात डबक्यात म्हशी बसतेत तशे, एकमेकाकडं बघत. कोनी हाक मारीना, कोनी हलंना. नानासाहेब तर डोळे मिटून बसला. ध्यान लावलं म्हने.

घरी मनकर्णाबाई काय करत व्हती? पुरीचं पीठ तिंबायला बाया बसवल्या, आचाऱ्याला तेल काढून दिलं, आन् दर घडीला गल्लीच्या तोंडाकडं बघनं चालू. बाराला फोन लावला.

"कुठं आलात?"

"निघालोच हाय."

"कशानं?"

"आता... वाऱ्यानं."

मनकर्णाबाई खाली बसली. तिथंच, पिठाच्या परातीशेजारी. तिनं परत इचारलं, "आवं, तुमी पान्यात हायेत का?"

"पान्यावर," तो म्हनला. "वारं यील आता. नानासाहेब म्हनतेत दोनच्या आत येतं."

"नानासाहेबाच्या बापाचं नोकर हाय का वारं?"

तेवढ्यात कडुबा आला. कडुबा म्हंजे तिथला भोई, मासे धरतो, त्याची इंजिनची होडी. जाळं काढून घरी चालला व्हता. ह्या म्हशी बघून त्यानं होडी वळवली आन् आप्पासाहेबाकडं दोर फेकला. "धरा आप्पा. ऊन लागून मरसाल. वढत नेतो."

दोर आप्पासाहेबाच्या मांडीवर पडला. त्यानं तो हातात घेतला. फोन कानाला तसाच, मनकर्णाबाईला सगळं ऐकू येतंय. तिला वाटलं, सुटले. आन् ह्यानं दोर गोळा करून परत कडुबाच्या होडीत टाकला. "नको कडुबा. ह्या होडीला दोर लावत नसतेत."

"कामून?" कडुबा म्हनला. "जखम हाय का तिला?"

त्यायच्यातच एक मुख्तार व्हता. मुख्तारभाई, शहरात रिक्षाचे टप आन् शिटाची कव्हरं शिवतो. शिडंबी तोच शिवून देतो ह्या सगळ्यायला, त्यातच त्यालाबी नाद लागला. पन त्याचं डोकं ठिकानावर. त्यानं कडुबाला हाक मारली, "इधर डाल रे रस्सी. माझ्या दुकानाला कुलूप हाय." कोनी तरी वरडलं, "मुख्तार, पट्टी लागल." तो म्हनला, "लागू दे की. पट्टी शिवनार बी मीच, उसवनार बी मीच." आन् आपल्या होडीला दोर बांधून मोकळा झाला. मंग आप्पासाहेबाकडं वळून म्हनला, "आप्पा, बेटी का मामला है. चल यार. टिटवी को क्या समजता है, वो लकडी है."

आप्पासाहेबानं नानासाहेबाकडं बघितलं. नानासाहेबानं एक डोळा उघडला आन् मिटला. बस. येवढ्यावर त्या मानसानं ठरवलं.

"मने," तो फोनमधी म्हनला, "वारं यीलच गं. आजपस्तोर कोनी दोर लावला नाय हिला. माझ्या हातून कसा लावू?"

मनकर्णाबाईला रडू आलं नाय. ती म्हनती, मला लई स्वच्छ वाटलं, जसं मोतीबिंदू काढल्यावर वाटतं. ती म्हनली, "बरं. पिशवी कडुबाकडं द्या."

"आन् मी?"

"तुमी तुमच्या वाऱ्यानं या. पैठणीला वारं लागत नाय. फोन कडुबाला द्या." कडुबानं फोन घेतला तवा ती म्हनली, "कडुबादादा, ती पिशवी तेवढी काढून घ्या त्यायच्यापासून. उपकार व्हतील. मानूस राहू द्या तिथंच."

कडुबा म्हनला, "वहिनी, मानूसबी आनतो की, होडीत लई जागा हाय."

"नको," ती म्हनली. "तो येनार नाय. पिशवी पुढं मुख्तारभाईकडं द्या."

मुख्तारनं काठाला उतरल्या उतरल्या मोटरसायकल काढली आन् पिशवी पोटाशी बांधून सुटला. चार वाजायच्या जरा आधी मांडवात. तोंड धुळीनं पांढरं. पैठणी सोनियाच्या हातात दिली, म्हनला, "बेटा, भिगी नहीं है, देख ले." सोनियानं पिशवी घेतली आन् त्याच्या मागं रस्त्याकडं बघितलं. आनखी कोनी उतरतंय का म्हनून. मुख्तार दुसरीकडं बघाया लागला. पोरगी नेसायला आत गेली.

वैजापूरची मानसं आली. पाय धुनं झालं, पानी झालं, चहा झाला. पाट मांडला, तांदूळ टाकला, सुपारी ठेवली. आजोबानं मांडवभर नजर फिरवली. "यजमान दिसत नायत."

मनकर्णाबाईचा भाऊ साहेबराव तिच्या कानाला लागला. "ताई, सांगतो की बीपी वाढलं, दवाखान्यात हायेत. कोनी काय म्हननार नाय."

मनकर्णाबाईला तसं सांगता आलं आसतं. पन तिला दिसलं, की आपन बीपी म्हनू आन् अर्ध्या तासानं हाच मानूस नारिंगी जाकीट घालून, नाक भाजून, हसत मांडवात यील. मंग पोरीला जन्मभर ऐकावं लागल, खोटारड्या घरची. ती पुढं झाली, पदर सारखा केला आन् म्हनली, "ते पैठणला धरनात बसल्यालेत. होडीत. वारं पडलं म्हनून येता येईना."

मांडवात कोनी तरी फस्सकन हसलं. आजोबा हसला नाय. "सोडवायला कोनी नव्हतं?"

"व्हतं. दोर टाकला व्हता. ह्यायनी परत दिला. हे मुख्तारभाई तिथंच व्हते, त्यायला इचारा."

मुख्तार पान्याचा गिलास घिऊन उभा. म्हनला, "हाव, आजोबा. मी त्याच दोरानं आलो."

"मंग ते का आले नाय?"

"होडीला काळी पट्टी लागती म्हने," मनकर्णाबाई म्हनली.

आजोबानं काठी जमिनीवर टेकली. "बाई, आमच्यात बापाशिवाय सुपारी फुटत नाय. मी आधीच सांगितलं व्हतं. ज्याला पोरीपेक्षा पट्टी मोठी, त्या घरात आमी..." आन् उठाया लागला. त्याच्यामागं त्याची मानसं बूट शोधाया लागली. नवरदेव बिचारा अर्धा उभा, अर्धा बसल्याला. आतल्या दारात सोनिया पैठणी नेसून उभी, तिनं पदर मुठीत घट्ट धरल्याला.

तवा मनकर्णाबाई पाटावर जाऊन बसली. कोनी बस म्हनलं नव्हतं. म्हनली, "आजोबा, ही पोरगी शाळंत मी घातली. तिला कावीळ झाली तवा रातंदिस मी बसले. तुमच्या घरचे बघायला आले तवा पोहे मी केले. सुपारीबी मीच फोडते. चालत आसल तर बसा. चालत नसल तर जेवन तयार हाय, जेवून जा. उपाशी कोनी जायचं नाय."

मंग बायकायच्या बाजूनं एक बारीक आवाज आला. नवरदेवाची आजी. इतका येळ तोंडात पान धरून गप बसल्याली. तिनं पान एका गालात सारलं आन् म्हनली, "फोड गं बाई. आमच्या ह्यायच्या पोराचं बारसं झालं तवा हे कुठं व्हते इचार. शंकरपटाला. बैल पळवीत. पोराचं नाव काय ठेवलं ते ह्यायला तिसऱ्या दिवशी कळलं, आन् त्याच्या आधी बैलाचा नंबर कितवा आला ते सगळ्या गावाला सांगून झालं व्हतं."

आजोबा म्हनला, "ते बैल व्हते."

"व्हय, बैलच व्हते," आजी म्हनली. "सगळेच."

सारा मांडव हसला. मुख्तारच्या नाकातून पानी आलं. आजोबाचा फेटा हलला, पन तो खाली बसला. बसताना अकड सोडली नाय, म्हनला, "सुपारी चालून जाईल. पन कन्यादानाला बाप पायजे. बोहल्यावर. तिथं आईबी चालायची नाय, मामाबी नाय. आमच्या घरात ते कवा झालं नाय. बाप नसला तर वरात माघारी नेईन, हिला इचारनार नाय." हिला म्हंजे आजीला. आजीनं पान चघळलं. आता ती बोलली नाय, म्हंजे तेवढं खरं.

मनकर्णाबाईनं सुपारीवर दगड घातला. एका घावात दोन तुकडे. पेढे वाटले. सोनियाला कुंकू लागलं. मोरपंखी रंगात आशी दिसत व्हती पोरगी, की मलाबी क्षनभर त्या इनकराचे हात चुंबावेशे वाटले.

पाव्हने गेले. मांडववाला खुर्च्या एकावर एक रचत व्हता, तवा आप्पासाहेब आला. संगं नानासाहेब आन् आनखी दोन नंबर. आप्पासाहेबाच्या गळ्यात झेंडूचा हार. व्हय, हार. सांजंला वारं सुटलं, बेचाळीस आपल्या पायानं काठाला लागली, म्हनून ह्या लोकायनी त्याचा सत्कार केला. तिकडं लेकीची सुपारी फुटती आन् इकडं बाप सत्कार घेतो.

मनकर्णाबाईनं चार पानं वाढली. गार पुऱ्या, वरन, भात. आप्पासाहेबानं दोन घास खाल्ले आन् इचारलं, "झालं का सगळं?"

"झालं."

"सुपारी कोनी फोडली?"

"वाऱ्यानं."

नानासाहेब खाकरला. म्हनला, "वहिनी, राग बरोबर हाय. पन आज ह्यायनी जे केलं ते आमच्यात कोनाला जमलं नसतं. येवढा येळ, येवढ्या उन्हात..."

"नानासाहेब," मनकर्णाबाई त्याच्या ताटात वरन वाढत म्हनली, "तुमच्या पोरीच्या लग्नात कन्यादान कोनी केलं?"

नानासाहेबानं भात कालवला. लई येळ कालवला. त्या पोरीनं तिकडंच लगीन केलं आन् फोनवर कळवलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. मंग तो हात धुवून उठला.

आप्पासाहेब सोनियाजवळ गेला. हार तसाच गळ्यात. "बघू पैठणी," म्हनला. सोनियानं पदर पसरून दाखवला. म्हनली, "पप्पा, मुनिया चांगल्या आल्यात." आन् आत जाऊन साडी बदलली. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं त्याला. त्याच्या तोंडावरचं हसू तवा कुठं उतरलं. पन उतरून कुठं गेलं? परत पैठणला.

व्हय, तिथंच राहतो आता तो. शेडमधी, खाट टाकून. म्हनतो, घरात माझ्याशी कोनी धड बोलत नाय. आवं बाबा, धड वागला आसता तर धड बोलले आसते. आन् तुला सांगते मोनाली, खरी गंमत पुढं हाय. माघात लगीन धरलंय आन् नानासाहेबानं खास बेचाळीसच्या मानासाठी दुसरा एक मेळा ठेवलाय. कवा? हळदीच्याच दिवशी. सोनियानं बापाला फोन केला तर म्हनतो कसा, "येतो ना बेटा, सकाळी एक चक्कर मारून येतो." एक चक्कर. पोरीनं फोन ठेवला आन् दिवसभर जेवली नाय.

मनकर्णाबाई त्याला काय सांगनार नाय. एकदा सांगितलं, आता तोंड उघडनार नाय म्हनती. पन मला दिसतं, ती रोज बोहल्याचं बोलनं निघालं की उठून चुलीकडं जाती. वैजापूरचा म्हातारा बोलल्याला शब्द फिरवायचा नाय, आन् ह्या खेपेला त्याची बायकोबी तोंड घालायची नाय. वरात माघारी गेली तर त्या पोरीचं काय, हे त्या भोपळ्याला कोन समजावनार?

म्हनून हे लिहून घेतलं. जो कोनी वाचल, त्याचं पैठणकडं जानं झालं तर धरनाच्या काठाला पत्र्याच्या शेडाशी थांबा. टकल्या, नाक भाजल्याला, नारिंगी जाकीटवाला मानूस दिसल. तो नंबर इचारल, तुमी सांगू नका. होडीचं कौतुकबी करू नका, न्हाईतर चहा पाजून सांज करील. त्याला येवढाच निरोप द्या: हळदीच्या आदल्या दिवशी घरी ये. वाऱ्यानं नको, पैठणवरून एस्टी निघती, तिच्यात बस. तुझ्या लेकीनं सांगितलं नाय, बायकोनं सांगितलं नाय, गल्लीतल्या म्हातारीनं सांगितलंय. आन् एस्टीत बसल्याला डोळ्यानं बघा, मंगच तिथून हला.